गाय गाभडली, आता काय? सांसर्गिक गर्भपाताबद्दल ठाणे जिल्ह्यातल्या गोठ्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पशुवैद्यक आहे. मुरबाड, शहापूर, कल्याण, भिवंडी या पट्ट्यात बरीच वर्षं फिरतोय. खालचे प्रश्न गोठ्यात उभं राहून, फोनवर किंवा दूध घालायला आलेल्या माणसांनी जाता जाता विचारलेले आहेत. उत्तरं मुद्दाम एकसारख्या लांबीची केलेली नाहीत. जिथे जनावर आणि पैसा दोन्ही बुडतात तिथे जास्त लिहिलंय.

हा रोग नक्की कुठला?

ब्रुसेलोसिस. मराठीत सांसर्गिक गर्भपात. ‘ब्रुसेला अबॉर्टस’ नावाचा जिवाणू गाभण गाई-म्हशीच्या गर्भाशयात आणि वारेत वाढतो आणि साधारण पाचव्या महिन्यानंतर, बहुतेक वेळा सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान, ती गाभडते. वार अडकते, नंतर गर्भाशयात पू होतो, गाय उलटत राहते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा पुन्हा माजावर येते, दूध कमी होतं. वळू आणि रेड्यात अंडकोष सुजतात. काही जुन्या जनावरांच्या गुडघ्यावर पाण्याने भरलेली मऊ गाठ येते. ‘मार लागलाय’ म्हणून लोक तिच्यावर हळद लावत बसतात.

रोग नवा नाही. माल्टा बेटावरच्या सैनिकांच्या तापातून डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये या जातीचा पहिला जिवाणू शोधला. गाईंना गाभडवणारा जिवाणू 1897 मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी ओळखला. आपल्याकडे मात्र अजून ‘नजर लागली’, ‘उष्णता झाली’ आणि ‘म्हशीने पोटात शिंग मारलं’ ही तीन कारणं पहिली निघतात.

गाभडलेली प्रत्येक गाय या रोगाचीच असते का?

नाही. लेप्टोस्पायरा हा जिवाणू (भातखाचरातल्या साचलेल्या पाण्यावर चरणाऱ्या जनावरांत हा विसरू नये), आयबीआर हा विषाणू, थायलेरियाचा गोचीडताप, लाळ्या-खुरकुतातला जोराचा ताप, बुरशी आलेला पेंढा, खरोखरचा मार, यातलं काहीही असू शकतं. पावसात भिजलेला पेंढा माळ्यावर तसाच रचला असेल तर मी आधी तो काढून बघतो.

पण एकाच गोठ्यात वर्षभरात दोन जनावरं सहाव्या महिन्यानंतर गाभडली, त्यातल्या एकीची वार अडकली आणि आधीच्या सहा-आठ महिन्यांत बाहेरून जनावर आलेलं असेल, तर बाकीची कारणं मागे ठेवून आधी ब्रुसेलोसिसची तपासणी करा.

आपल्याकडे याचं प्रमाण किती?

1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत 23 राज्यांतले 30,437 रक्तनमुने तपासले होते. त्यात 1.9 टक्के गाई आणि 1.8 टक्के म्हशींमध्ये या रोगाविरुद्धची प्रतिद्रव्यं, म्हणजे शरीराने रोगाशी लढायला रक्तात तयार केलेले घटक, सापडली. नंतरच्या अनेक पाहण्यांत आकडे याच्यावर आले. गाभडण्याची साथ चालू असलेल्या मोठ्या गोठ्यांत तर ते कित्येक पटींनी वर जातात.

आकडे एवढे वेगळे का, असं लोक विचारतात. कारण कुठून रक्त घेतलं यावर सगळं अवलंबून असतं. गावात घरोघरी दोन-दोन जनावरांचं रक्त घेतलं तर आकडा लहान येतो. जिथून ‘गाई गाभडतात हो’ असा फोन आला त्याच गोठ्यात गेलात तर मोठा येतो. कालवडी आणि वगारी जास्त असल्या तर पुन्हा कमी, कारण हा रोग वयात आलेल्या, गाभण राहिलेल्या मादीत दिसतो. शिवाय एक आकडा असतो जनावरांचा आणि दुसरा गोठ्यांचा. शंभरातली दोन जनावरं बाधित असली तरी ती दोन वेगवेगळ्या गोठ्यांत असतील, तर तेवढ्यानेच दोन गोठे बिघडले. म्हणून वर्तमानपत्रात ‘अमुक टक्के जनावरं बाधित’ असं वाचलंत की कुठली, किती वयाची आणि कशासाठी तपासलेली, हे आधी विचारा.

दोन टक्के म्हणजे काहीच नाही. मग एवढी चिंता कशाला?

2019 च्या पशुगणनेत देशात 19 कोटींहून जास्त गाई-बैल होते. त्यांचे 1.9 टक्के म्हणजे 36 लाखांच्या वर. पण हा मोठा आकडा सोडून द्या, आपण आपल्या दावणीचा हिशोब करू.

समजा बाजारातल्या शंभर म्हशींत दोन बाधित आहेत. तुम्ही एक म्हैस आणली तर ती बाधित निघण्याची शक्यता शंभरात दोन. वेगवेगळ्या ठिकाणांहून दहा आणल्या, तर त्यात निदान एक तरी बाधित असण्याची शक्यता जवळपास 18 टक्के. पंचवीस आणल्या तर 40 टक्के. चाळीस आणल्या तर 55 टक्के, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जास्त. आणि तबेलेवाला वर्षाला चाळीस म्हशी आणतो यात नवल काही नाही. शेतकरी घरच्या गाईची घरचीच कालवड वाढवतो, त्याला हा आकडा लागू होत नाही. दोन टक्के दोघांनाही सारखेच दिसतात, पण धोका सारखा नाही.

कुठल्या गोठ्याला धोका जास्त?

पहिला आणि सगळ्यात मोठा धोका वरच आला: विकतचं जनावर. त्यातही गाभण किंवा नुकतंच व्यालेलं. आपल्या जिल्ह्यात हे फार चालतं, कारण इथे दोन वेगळी जगं शेजारी शेजारी आहेत. कल्याण-भिवंडीकडे तबेले, त्यात गुजरात-हरियाणाकडून आणलेल्या जाफराबादी, म्हैसाणा, मुऱ्हा. आणि मुरबाड-शहापूरकडे घरची गावठी गाय, दोन बैल, चार शेळ्या. तबेल्यातली म्हैस आटली की शहरात तिला पोसणं परवडत नाही. ती भाकड म्हणून गवत-चाऱ्याच्या गावी पाठवली जाते किंवा विकली जाते. तिथे ती गाभण राहते, व्यायला आली की पुन्हा शहराकडे येते. दोन्ही जगांना जोडणारा हा टेम्पो रोगालाही फुकट प्रवास देतो. आणि बाधित जनावर सगळ्यात जास्त जिवाणू टाकतं ते विण्याच्या किंवा गाभडण्याच्या दिवसांत, नेमकं ज्या दिवसांत आपण ते विकत घेतो.

म्हशीत दूध बघून व्यवहार होतो. सकाळ-संध्याकाळ धार काढून दाखवतात, सड बघतात, दात बघतात. मागच्या वेताला काय झालं हे कुणी विचारत नाही आणि विचारलं तर दलाल ‘एकदम नीट व्याली’ एवढंच सांगतो.

म्हसा यात्रेबद्दलही विचारतात. पौष पौर्णिमेचा मुरबाडचा तो बाजार मुख्यतः बैलांचा. खच्ची केलेला बैल या रोगाच्या बाबतीत फारसं काही पसरवत नाही. लाळ्या-खुरकूत किंवा लम्पी असेल तर गोष्ट वेगळी. पण बैल घ्यायला गेलेला माणूस येताना स्वस्तात मिळाली म्हणून गाभण कालवड घेऊन येतो, तेव्हा मात्र मला घाम फुटतो.

दुसरा धोका विण्याची जागा. गाभण जनावर त्याच दावणीला, त्याच गव्हाणीपाशी व्यालं की त्याचं पाणी, रक्त, वार शेजारच्या चाऱ्यावर जाते. गाई वार चाटतात, गाभडलेलं वासरू हुंगतात, चाटतात. मुख्य शिरकाव तोंडातून आहे. तबेल्यात म्हशी खांद्याला खांदा लावून बांधलेल्या, गटार एकच, त्यामुळे एकीचं सगळ्यांकडे जातं.

तिसरा धोका कुत्री. गाभडलेलं वासरू उकिरड्यावर टाकलं की रात्रीत ते गावभर फिरतं. कुत्र्यालाही हा संसर्ग होऊ शकतो.

चौथा, शेळ्या. वाड्या-पाड्यांवर गाय आणि शेळ्या एकाच पडवीत. शेळ्या-मेंढ्यांचा याच कुळातला जिवाणू वेगळा, ‘मेलिटेन्सिस’. तो गाईत जाऊ शकतो आणि माणसाला जास्त जोराने पाडतो. कळपात शेळ्या सटासट गाभडत असतील तर ‘शेळ्यांचं काय एवढं’ म्हणू नका.

गोशाळांचं वेगळं सांगायला हवं. ठाण्या-नवी मुंबईच्या रस्त्यांवरची मोकाट जनावरं, टेम्पोतून सोडवलेली, म्हातारी, भाकड, सगळी तिथे येतात आणि कुणाचाच इतिहास माहीत नसतो. भावना चांगली, पण नवीन आलेली गाय पहिल्याच दिवशी जुन्या कळपात सोडायची नसते. स्वतंत्र कुंपण आणि एक रक्ततपासणी एवढं तरी देणगीच्या पैशात बसवा.

संकरित गाईंमध्ये गावठीपेक्षा प्रमाण जास्त दिसतं असं बऱ्याच पाहण्या सांगतात. माझं मत असं की यात रक्तापेक्षा मालकाच्या व्यवहाराचा वाटा मोठा आहे. जर्सी-होल्स्टिन घेणारा माणूस जनावरं विकत आणतो, दाटीने ठेवतो. डांगी गाय आजोबांच्या काळापासून त्याच घरात असते.

माझी गाय गाभडली होती, पण पुढच्या वेताला नीट व्याली. म्हणजे बरी झाली ना?

याच समजुतीवर हा रोग जगतो. बाधित गाय बहुतेक वेळा एकदाच गाभडते. पुढच्या वेळी पूर्ण दिवसांचं, धडधाकट वासरू देते. मालकाला वाटतं संकट टळलं. पण जिवाणू तिच्या कासेत आणि कासेवरच्या लसिकाग्रंथींत ठाण मांडून असतो. प्रत्येक विण्याच्या वेळी तो स्रावातून बाहेर पडतो, दुधातूनही अधूनमधून येतो, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहू शकतं.

त्यातून गोठ्यात एक फसवं चित्र तयार होतं. पहिल्या वर्षी पाच गाभडतात, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एकही नाही. जुन्या गाई रुळतात. मग तुम्ही नवीन कालवड आणता आणि ती गाभडते. शेजारी म्हणतो, नवी आणलेली अपशकुनी. तिचा काही दोष नसतो. तुमच्या गोठ्यातलं जुनं दुखणं तिने दाखवून दिलेलं असतं.

बाधित आईच्या पोटी जन्मलेल्या काही थोड्या कालवडी रोग पोटात घेऊन वाढतात आणि पहिल्या वेताला येईपर्यंत तपासणीतही सापडत नाहीत. म्हणून ‘घरची आहे’ एवढ्यावर अशा गोठ्यात निश्चिंत राहता येत नाही.

वळूमुळे किंवा कृत्रिम रेतनाच्या कांडीमुळे पसरतो का?

नैसर्गिक फळवणीत हा रोग लोकांना वाटतो तेवढा पसरत नाही. कृत्रिम रेतनात वीर्य थेट गर्भाशयात सोडलं जातं, त्यामुळे बाधित वळूच्या वीर्याची कांडी असेल तर धोका जास्त. म्हणूनच मान्यताप्राप्त वीर्यकेंद्रांवर वळूंची ठरावीक काळाने या रोगासाठी तपासणी होते. कांडी कुठल्या केंद्राची हे तिच्यावर छापलेलं असतं, वाचून घ्या. गावच्या फिरत्या रेड्याला दोष देण्यापेक्षा उकिरड्यावर पोत्यात घालून टाकलेल्या वासरा-वारेकडे आधी बघा.

गाय गाभडली. पहिल्या तासाभरात काय करायचं?

एक प्रसंग सांगतो. शहापूरकडचं गाव, पावसाळ्याची सकाळ. फोन आला, ‘डॉक्टर, वार पडत नाही, येऊन काढून जा.’ गेलो. गाय उभी, मागे वार लोंबतेय: चामड्यासारखी जाड झालेली, जागोजागी पिवळट, बुंध्याच्या गाठी मऊ कुजल्यासारख्या. वासरू कुठे? मालक, त्यांना मी मामा म्हणतो, म्हणाले, ‘टाकलं पोत्यात घालून.’ उकिरड्यावर पोतं होतं, पण फाटलेलं आणि रिकामं. पलीकडे बांधावर दोन कुत्री. मामांच्या सुनेने त्याच हाताने झाडून, राख टाकून गोठा साफ केला होता. ती पोटुशी होती. त्या दिवशी वारेपेक्षा मी तिच्याकडे जास्त लक्ष दिलं.

तर क्रम असा ठेवा. गाय बाकीच्यांपासून लांब बांधा. वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नका. हातमोजे नसतील तर दोन प्लास्टिकच्या पिशव्या हातावर चढवा, नाका-तोंडाला फडकं बांधा. गरोदर बाई, लहान पोरं तिकडे नकोत. कुत्रं आत येऊ देऊ नका. वासरू पुरण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण निदानाला त्याच्या पोटातला द्रव आणि वारेचा तुकडा लागतो, नंतर रक्तावरच काम भागवावं लागतं. जमिनीवरचं शेण-माती आधी खरवडून काढा, मग ब्लीचिंग पावडरचं पाणी किंवा चुना टाका. शेणावरच ब्लीचिंग ओतलं तर ते वाया जातं.

अडकलेली वार ओढू नका. तिला वीट बांधणं, चप्पल बांधणं हे प्रकार मी अजून बघतो. त्याने गर्भाशय फाटतं आणि तुमच्या हातापायांवर तोच स्राव येतो.

पुरायचं कुठे? पावसाळ्यात खड्ड्यात पाणी लागतं, आणि तबेल्यात तर मातीच नाही.

भाताच्या खाचरात नको, तिथे हातभर खाली पाणी. वरकस जमिनीवर, विहीर आणि ओढ्यापासून लांब, माणूसभर खोल खड्डा घ्या. खाली चुना, मग वासरू-वार, त्या पेंढ्यासकट, वर पुन्हा चुना आणि माती. वरून काटेरी फांद्या टाका म्हणजे कुत्री उकरत नाहीत. जिवाणू थेट उन्हात काही तासांत मरतो. ओलाव्यात, सावलीत आठवडे, थंडीत कधी महिनेही टिकतो. आपल्या जूनपासूनच्या चार महिन्यांत ऊन त्याला मारेल या भरवशावर राहता येत नाही.

तबेल्यात पालिकेच्या मृत जनावरं उचलणाऱ्या यंत्रणेला बोलवा आणि तोपर्यंत झाकणाच्या पिंपात, चुना घालून ठेवा. गटारात ढकलून द्यायचं नाही. शेण ढीग करून नीट कुजवलंत तर आतल्या उष्णतेने जिवाणू मरतो, ताजं शेण भाजीच्या वाफ्यात टाकू नका.

तपासणी कशी होते?

रक्ताची सोपी चाचणी म्हणजे रोझ बंगाल. पांढऱ्या फरशीवर किंवा काचेवर रक्तजलाचा (रक्त गोठल्यावर वर येणाऱ्या पाण्याचा) एक थेंब आणि गुलाबी प्रतिजनाचा (मारलेल्या जिवाणूंच्या रंगवलेल्या द्रावणाचा) एक थेंब. काडीने मिसळून हलवत राहायचं. चार मिनिटांत गुलाबी बारीक गुठळ्या दिसल्या तर पॉझिटिव्ह. एकसारखं गुलाबी पाणीच राहिलं तर निगेटिव्ह. मालकाला मी मुद्दाम जवळ बोलावून दाखवतो, कागदावरच्या निकालापेक्षा डोळ्याने बघितलेली गुठळी पटते. खात्रीसाठी पुढे एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी करतात.

कळप चाळण्यासाठी दुधाची रिंग चाचणी असते. निळसर रंगाचं प्रतिजन दुधात घालून तासभर गरम ठेवलं की बाधित दुधात वर सायीला निळं कडं धरतं. एका जनावराचा निकाल यावर लावू नये, चीक किंवा दगडीचं (कास सुजलेल्या जनावराचं) दूध असेल तर चाचणी फसते.

नुकतंच गाभडलेल्या गाईचं रक्त कधी कधी निगेटिव्ह येतं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. एक निगेटिव्ह कागद हातात आला म्हणून सुटलो असं नसतं.

नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत जातात. राज्याची रोग अन्वेषणाची मोठी प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे.

लस आहे ना? सगळ्या गाईंना एकदम टोचून टाका.

लस आहे, पण सगळ्यांना नाही. आपल्याकडे एस-19 ही जिवंत जिवाणूंची लस देतात: फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. गाभण गाईला दिली तर तीच गाभडू शकते. मोठ्या गाईला दिली तर रक्तात लसीची प्रतिद्रव्यं बराच काळ राहतात, मग तपासणीत ती रोगाची की लसीची ते कळत नाही. नर वासराला तर देतच नाहीत.

केंद्राचा लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस नियंत्रणाचा कार्यक्रम 11 सप्टेंबर 2019 ला मथुरेत सुरू झाला, त्यात ही लस मोफत आहे. अडचण अशी की वासरू चार ते आठ महिन्यांचं कधी होतं हे आपण मोजत नाही. आणि पारडी, कालवड ही घरातली सगळ्यात दुर्लक्षित. दूध देत नाही ना अजून. जन्मतारीख गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा आणि चौथा महिना लागला की दवाखान्यात सांगा. लसीनंतर कानातल्या बारा आकडी बिल्ल्यावर नोंद करून घ्या, पुढे विकताना तिला भाव येतो.

लस शंभर टक्के राखत नाही. ती मुख्यतः गाभडणं कमी करते, म्हणजे जिवाणूंचा सडाही कमी पडतो. टोचताना सुई स्वतःला लागू नये, डोळ्यात थेंब जाऊ नये, याची काळजी टोचणाऱ्याने घ्यायची. वासरू धरणाऱ्यानेही.

औषधोपचार?

जनावरात भरवशाचा नाही. जिवाणू पेशींच्या आत दडतो, औषध महिनोन्महिने द्यावं लागेल, दूध फेकावं लागेल, आणि तरीही खात्री नाही. ‘एका इंजेक्शनात बरी करतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

पॉझिटिव्ह निघाली. विकू का?

हाच तो प्रश्न, जो लोक इकडे तिकडे बघून हळू आवाजात विचारतात.

ऑस्ट्रेलियाने हा रोग 1989 पर्यंत संपवला तो तपासून, बाधित जनावरं कापून आणि मालकाला भरपाई देऊन. आपल्याकडे तो रस्ता गाईसाठी बंद आहे. महाराष्ट्रात गाईची कत्तल आधीपासूनच बंद होती, मार्च 2015 पासून बैल आणि वळू यांचीही पूर्ण बंद आहे. म्हशीला नियम वेगळा, सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे बाधित गाय असलेल्या माणसापुढे दोनच वाटा उरतात: पाळा, नाहीतर गुपचूप विका. बहुतेक जण दुसरी धरतात. मी त्यांना नीतीचे धडे देत नाही, कारण पन्नास-साठ हजारांची गाय हा त्यांच्या घरातला सगळ्यात मोठा दागिना असतो. भरपाई न देता ‘खरं सांगा’ म्हणणं सोपं आहे. पण बाजारात सोडलेली ती गाय ज्या घरी जाईल, तिथूनच उद्या कुणीतरी तुम्हाला गाभण कालवड विकणार आहे. बाजार आपला तेवढाच लहान.

ठेवायची असेल तर अशी ठेवा: कायम वेगळं दावं, वेगळी बादली, चरायला वेगळी. धार सगळ्यात शेवटी तिची. विण्याच्या आठवडाभर आधी स्वतंत्र जागा आणि स्राव थांबेपर्यंत, निदान तीन आठवडे, तिथेच. दूध उकळूनच. आणि तिच्या पोटची कालवड दूध-व्यवसायासाठी विकायची नाही. हे जमणारं नसेल तर मला तोंडावर ‘जमणार नाही’ म्हणा. मग दुसरं काही बघता येतं.

माणसाला होतो का?

होतो. मला झाला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका म्हशीची वार काढताना कोपराजवळ हातमोजा फाटला. नखाजवळ आधीच चीर होती. काम अर्धवट सोडणं लाजिरवाणं वाटलं म्हणून वार तशीच काढली. महिन्याभराने संध्याकाळी ताप, रात्री घामाने चादर ओली, सकाळी ठीक. कंबर अशी धरली की मोटारसायकलची किक मारता येईना. एका दवाखान्यात टायफॉइड म्हणून औषध झालं, दुसऱ्यात मलेरियाचं रक्त दोनदा तपासलं. पावसाळा होता, डॉक्टरांचंही चुकलं असं म्हणवत नाही. मी पशुवैद्यक आहे हे मी सांगितलंच नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. शेवटी कॉलेजातले एक सर फोनवर म्हणाले, ‘अरे, ब्रुसेला बघ.’

म्हणून गवळी, धार काढणारे, कत्तलखान्यातले कामगार, पशुवैद्यकीय कर्मचारी यांना ताप दोन आठवड्यांहून जास्त राहिला, येत-जात राहिला, सांधे-कंबर दुखली, पुरुषांत अंडकोष सुजला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: ‘माझा गुरांशी संबंध आहे.’ तपासणी त्यानंतर सुचते. उपचार दोन प्रतिजैविकांचा, निदान सहा आठवडे. दहा दिवसांत बरं वाटतं आणि लोक गोळ्या सोडतात. मग तो उलटतो, कधी मणक्यात जाऊन बसतो. गरोदरपणात संसर्ग झाला तर गर्भपाताचा धोका असतो, तेव्हा उशीर नको. माणसाकडून माणसाला तो सहसा जात नाही, घरातल्यांनी आजाऱ्याला वेगळं बसवायची गरज नाही.

दूध प्यायचं की नाही? आणि खरवस?

उकळून बिनधास्त प्या. एक उकळी आली की हा जिवाणू टिकत नाही, पिशवीचं पाश्चराइज्ड दूधही सुरक्षित. धोका आहे तो धारोष्ण दुधाला. तबेल्यासमोर उभं राहून पेलाभर कच्चं दूध पिणारी, तालमीत जाणारी पोरं अजून आहेत. ताकद येते की नाही ठाऊक नाही, ताप मात्र येऊ शकतो. कच्च्या दुधाचं दही, कच्च्या सायीचं लोणी यांनाही तेच लागू.

खरवस कुकरमध्ये चांगला वाफवलेला असतो, खा. पण चिकाचं भांडं हाताळलेला हात आधी धुवा. आणि नुकतंच गाभडलेल्या गाईचा चीक शेजाऱ्यांना वाटू नका.

जनावर घेताना काय बघू?

मागची वेतं किती, कधी, वार पडली का, हे विचारा, आणि शक्य असेल तर दलालाला नाही, मूळ मालकाच्या घरातल्या बाईला विचारा. धार ती काढते, तिला आठवतं. कानातला बिल्ला आणि लसीची नोंद बघा. व्यवहार ठरला की इसार द्या, रक्त घ्या, निकालावर पूर्ण पैसे. विकणारा यावर भडकला तर त्यातच उत्तर मिळालं. आणल्यावर महिनाभर वेगळं बांधून पुन्हा एकदा रक्त तपासा. गाभण असेल तर व्याल्यावर आणखी एकदा.

गाभडल्याचं कळवलं तर सरकार गाय घेऊन जातं का? कळवायचं कुठे?

घेऊन जात नाही. जनावरांच्या सांसर्गिक रोगांच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यात हा रोग यादीत आहे आणि संशय आला की कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. गावात तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. दवाखाना लांब असेल, किंवा रात्रीच काही झालं आणि सकाळची वाट बघायची असेल, तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा मोफत क्रमांक आहे. फोन करताना गाय कितव्या महिन्यात गाभडली, वार पडली का, गेल्या वर्षात बाहेरून काय आणलं, एवढं तयार ठेवा. आणि वासरू झाकून ठेवा. डॉक्टर येईपर्यंत कुणीतरी काठी घेऊन तिथे बसा.